गाडी बंद, चावी खिशात आणि रेडिएटरचा पंखा चालू: आधी कोणाला धरायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणचे एक गृहस्थ आहेत. त्यांची २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, २०२२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. संध्याकाळी सातला गाडी बिल्डिंगखाली लावली तेव्हा सगळे शांत होते. रात्री साडेअकराला शेजाऱ्यांनी बेल वाजवून सांगितले की तुमच्या गाडीतून घों-घों आवाज येतोय. खाली जाऊन पाहतात तर चावी काढलेली, बॉनेट हाताला गार, आणि रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगात. बॅटरीची मायनसची वायर सोडली तेव्हा थांबला. सकाळी वायर जोडली तर पंखा गप्प. स्टार्टर जरा जड फिरला, पण गाडी सुरू झाली. जुलैच्या एका आठवड्यात हे दोनदा झाले. एका ठिकाणी कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, सेन्सर बदलून दिला, फरक पडला नाही. दुसरे म्हणाले, "रिले चिकटतोय, बदलू." तिसऱ्यांनी सांगितले, "फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डवर स्विच देतो, कटकटच मिटेल." यातले नेमके काय करायचे?

मी कराडला अठ्ठावीस वर्षे गाड्यांचे इलेक्ट्रिकचे काम करतो. कुंभार्ली घाट चढून आलेल्या कोकणातल्या गाड्या माझ्याकडे नेहमीच येतात, त्यामुळे हा प्रश्न वाचताना डोळ्यासमोर बऱ्याच गाड्या आल्या. काही भाग बदलायच्या आधी तुमच्याच मजकुरातल्या दोन वेळा नीट पाहा, सात आणि साडेअकरा. निम्मे निदान तिथेच आहे.

छोट्या पेट्रोल गाडीचा पंखा पूर्ण वेगात साधारण १० ते १५ अँपियर खेचतो. आपण १२ धरू. अशा गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांच्या आसपास असते. पंखा सातपासून साडेअकरापर्यंत चालू असता तर साडेचार तासांत ५४ अँपियर-तास लागले असते, आणि एवढे त्या बॅटरीत नसतातच. हिशेबाने ती तीन तासांत रिकामी होते. प्रत्यक्षात दोन तासांतच पंख्याचा आवाज मंदावतो आणि त्यानंतर स्टार्टर फक्त 'टक' करून थांबतो. तुमचा पंखा साडेअकराला जोरात फिरत होता आणि सकाळी इंजिनही सुरू झाले. म्हणजे तो सातपासून चालू नव्हता. गाडी लावल्यावर तीन-साडेतीन तास तो बंद होता, मग इंजिन थंड झाल्यावर, अंधारात, कुणी गाडीला हात लावलेला नसताना सुरू झाला.

हे एकदा मान्य केले की आधीचे दोन्ही सल्ले पुसट होतात. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. त्याचे पॉइंट चिकटतात ते करंट जोडताना किंवा तुटताना उडणाऱ्या ठिणगीने. चिकटलेला रिले पंखा बंदच होऊ देत नाही, म्हणजे तुम्ही चावी काढून वर गेलात तेव्हाही पंखा फिरतच राहिला असता. सातला सुटलेला रिले रात्री दहाला स्वतःहून चिकटत नाही. त्याला ओढणारी कॉइल असते आणि त्या कॉइलला कुणीतरी करंट द्यावा लागतो.

सेन्सरचेही तसेच. कूलंटचा सेन्सर स्वतः पंखा चालवत नाही, तो इंजिनच्या कॉम्प्युटरला तापमान कळवतो. त्याचा ओहममधला रोध थंडपणी जास्त असतो, गरम झाल्यावर कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. त्याची वायर तुटली तर कॉम्प्युटरला उणे ४० अंश दिसतात. हे खरे नाही हे त्याला कळते, मग तो खबरदारी म्हणून पंखा लावून ठेवतो. म्हणून 'पंखा सतत चालू' म्हटले की सेन्सर बदलायची सवय लागली आहे. पण हे सगळे चावी चालू असताना. चावी काढल्यावर कॉम्प्युटर फार तर काही मिनिटे जागा राहतो. तो झोपल्यावर सेन्सर काय म्हणतो हे ऐकायला कुणीच नसते. रात्री साडेदहाला सेन्सरने पंखा लावला, हे घडण्यासारखे नाही. तुमचे त्या सेन्सरचे पैसे वाया गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचला असता किंवा सकाळी थंड इंजिनवर स्कॅनर लावून पाहिले असते तरी कळले असते. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. ते सारखे असेल तर सेन्सरला हात लावायचे कारण नाही.

मग कॉइलला करंट दिला कोणी? माझा पहिला संशय पाण्यावर आहे. त्या दोन रात्री पाऊस होता का, आणि मधल्या कोरड्या रात्री पंखा गप्प होता का, हे आठवून पाहा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीचा आधीचा इतिहास. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली होत्या. तुम्ही गाडी घेतली २०२२ मध्ये. विकणाऱ्याने काय सांगितले ते बाजूला ठेवा. पुढच्या सीटच्या खालच्या पट्ट्यांचे नटबोल्ट गंजले आहेत का पाहा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून तळाच्या भागावर चिखलाची रेघ दिसते का पाहा, कार्पेट उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहा. पुराच्या पाण्याची माती कितीही धुतली तरी कनेक्टरच्या आत, फ्यूजबॉक्सच्या तळाशी, वायरच्या रबरी बुटात राहते. कोरडी असताना ती निरुपद्रवी असते. ओल आली की ती माती आणि तांब्याचा हिरवा गंज मिळून दोन पिनांमध्ये वाट तयार करतात, आणि त्या वाटेने रिलेच्या कॉइलला पुरेल इतका करंट जाऊ शकतो. सकाळी बॉनेटखालची हवा तापली की वाट सुकते आणि पंखा जसा आला तसा जातो. तुमची सकाळची गोष्ट याच्याशी जुळते.

दुसरा संशय उंदरांवर. पावसाळ्यात ते उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायरवरचे आवरण कुरतडतात. रिलेपासून कॉम्प्युटरकडे जाणारी बारीक वायर सोलली गेली आणि ओल्या बॉडीला टेकली की कॉइलला अर्थ, म्हणजे बॅटरीची मायनसची बाजू, मिळतो, झाले. बॅटरीच्या ट्रेखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात लेंड्या किंवा गवताचे तूस दिसले तर वायरिंग तिथूनच तपासायला लागा.

तिसरा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: गाडीला बाहेरून काय काय जोडले आहे? जास्तीचे हॉर्न, फॉग लॅम्प, रिमोट लॉक, कॅमेरा. फ्यूजबॉक्समधून जिथे सोयीचे दिसेल तिथे वायर घुसवून करंट घेतलेला असतो. पंख्याच्या रिलेची जागा मोठी आणि हाताशी असते, म्हणून तिच्यावर बरेचदा डल्ला पडतो.

आता तपासणी. ही तुम्ही स्वतः करू शकता किंवा मेकॅनिककडून समोर उभे राहून करून घेऊ शकता. पण एक गोष्ट आधी. बॉनेट उघडताना बाही, ओढणी, गळ्यातली दोरी, लांब केस पंख्यापासून दूर ठेवा. हा पंखा चावी काढलेली असतानाही कधीही सुरू होऊ शकतो, बॉनेटखाली पिवळ्या स्टिकरवर तेच लिहिलेले असते. बोटे गेलेली माणसे मी पाहिली आहेत. इंजिन गरम असेल तर रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, आणि झाकण सैल झाले की एका क्षणात उकळून तोंडावर येते.

पुढच्या वेळी पंखा रात्री चालू सापडला की लगेच बॅटरी सोडू नका. तेव्हाच, तो चालू असतानाच, पुरावा हातात असतो. फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या नकाशावर रेडिएटर फॅनचा रिले शोधा आणि तो सरळ वर उपसा. आपटू नका, हलवू नका.

रिले काढल्यावरही पंखा फिरतच राहिला तर दोष रिलेच्या पुढे आहे. पंख्याकडे जाणारी जाड वायर दुसऱ्या कुठल्या चालू वायरला चिकटली आहे, किंवा त्या गाडीत पंख्याच्या चौकटीवरच स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे आणि ते आतून शॉर्ट झाले आहे. अशा मॉड्यूलला बॅटरीचा करंट कायम मिळत असतो, म्हणून पंख्याचा मोठा सॉकेट काढेपर्यंत तो थांबत नाही. काही गाड्यांत हळू वेगासाठी एक आणि जोरासाठी दुसरा असे दोन-तीन रिले असतात, तेव्हा चुकीचा काढलेला नाही ना तेही पाहा.

रिले काढल्याबरोबर पंखा थांबला तर रिले हातात धरूनच पुढची परीक्षा. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. हे जर्मनीच्या डिन ७२५५२ या मानकातले आहेत आणि बऱ्याच कंपन्या तेच वापरतात. काही जपानी पद्धतीच्या रिलेवर १, २, ३, ५ असे असतात, तेव्हा रिलेच्या अंगावरची छोटी आकृती पाहा. ३० ला बॅटरीचा करंट येतो, ८७ मधून पंख्याकडे जातो, आणि ८५ व ८६ मध्ये कॉइल असते. मल्टिमीटर बीपवर (दोन टोके आतून जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून ३० आणि ८७ ला लावा. बीप वाजला म्हणजे पॉइंट खरोखरच चिकटलेले आहेत, आणि मग माझा वरचा तर्क चुकला असे मी मान्य करीन. बीप आला नाही म्हणजे रिले निर्दोष आहे. त्याला जे सांगितले तेच तो करत होता.

मग रिलेच्या रिकाम्या सॉकेटकडे वळा. ८५ आणि ८६ च्या खाचांमध्ये चावी बंद असताना व्होल्ट मोजा. १२ व्होल्ट दिसले तर हुकूम अजून येतोय. इथे एक खाचखळगा आहे. मल्टिमीटर इतका हलका असतो की ओलीतून झिरपणारा अगदी किरकोळ करंटही त्याला १२ व्होल्ट वाटतो. म्हणून त्याच दोन खाचांना छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्पही लावून पाहा. लॅम्प ठसठशीत पेटला तर वायर कुठेतरी थेट टेकली आहे. मीटर १२ दाखवतो पण लॅम्प पेटत नाही किंवा मिणमिणतो, तर ते ओल आणि गंजाचे लक्षण. रिलेची कॉइल ७० ते १०० ओहमची असते, तिला ओढून धरायला शंभर-दीडशे मिलिअँपियर पुरतात, आणि टेस्ट लॅम्पला त्याहून जास्त लागतात. त्यामुळे लॅम्प न पेटताही रिले ओढला जाऊ शकतो.

नंतर दोन्ही खाचांची बॉडीशी वेगवेगळी तुलना करा. बऱ्याच गाड्यांत कॉइलच्या एका टोकाला कायम किंवा चावी चालू केल्यावर प्लस असतो आणि कॉम्प्युटर दुसऱ्या टोकाला अर्थ देऊन रिले ओढतो. तुमच्या गाडीत प्लस फक्त चावीने येत असेल आणि चावी बंद असतानाही तो दिसत असेल, तर चोर प्लसच्या बाजूला आहे: फ्यूजबॉक्सचा तळ, मुख्य रिले, किंवा बाहेरून घातलेली वायर. प्लस नियमाप्रमाणे कायमचा असेल तर चोर अर्थच्या बाजूला. तिथे बॅटरीची मायनस सोडून कॉम्प्युटरचा कनेक्टर काढा, आणि त्या वायरची बॉडीशी बीप घ्या. कनेक्टर काढूनही बीप येत असेल तर दोष वायरमध्ये. बीप गेला तरच कॉम्प्युटरच्या आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे रिलेला अर्थ देणाऱ्या भागावर, संशय घ्यायचा. ही एक पायरी न करता कॉम्प्युटर बदलायला सांगणारे भेटतात आणि गिऱ्हाइकाचे काही हजार जातात. त्याला संमती देऊ नका.

जुन्या गाड्यांत अजून वेगळी रचना सापडते. रेडिएटरवर बसवलेला थर्मोस्विच ठरावीक तापमानाला आतून जोडला जातो आणि थेट रिलेला अर्थ देतो, मध्ये कॉम्प्युटर नाही. तिथे काम सोपे. थर्मोस्विचचा कनेक्टर काढा, पंखा थांबला तर स्विच किंवा त्याच्या कनेक्टरमधले पाणी. वेंगुर्ल्याकडच्या एका गाडीत त्या दोन पिनांमध्ये अक्षरशः हिरवी बुरशी वाढल्यासारखा गंज होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे होतेच. स्विच चांगला होता. कनेक्टर बदलला, रबरी सील नवे घातले, आणि तो पंखा शहाण्यासारखा वागू लागला.

तुमच्या गाडीत ओलीचा दोष निघाला तर फ्यूजबॉक्स पूर्ण सोडवून उलटा करून पाहायला सांगा. वरून स्वच्छ दिसतो म्हणून समाधान मानू नका, गंज तळाशी असतो. कनेक्टर इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करायचे, तेही बॅटरी सोडून, कारण तो फवारा पेट घेतो. रॉकेल, डिझेल नको, त्याने सील फुगतात. पिनांवर खड्डे पडले असतील, पिन काळी-हिरवी होऊन खाल्लेली असेल तर साफसफाईचा उपयोग चार दिवस. तो कनेक्टर वायरच्या तुकड्यासकट बदलावा लागतो, आणि जोड सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी लागते. काळी टेप गुंडाळलेला जोड कोकणातल्या दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा बोलायला लागतो.

आता फॅन डायरेक्ट करण्याबद्दल. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण मी तुम्हाला हात जोडून सांगतो, हे करू नका. पहिली गोष्ट, फ्यूजबॉक्समध्ये जी ओल करंट झिरपवते आहे ती तशीच राहते. आज तिने पंखा लावला, उद्या ती शेजारच्या पिना तापवील. दुसरी, डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून बारा-पंधरा अँपियर सतत नेले की स्विच वितळतो. मध्ये रिले आणि फ्यूज न घालता असे केलेले वायरिंग मी जळलेले पाहिले आहे. तिसरी, स्विच माणसाच्या आठवणीवर चालतो. कुंभार्लीच्या चढात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास, एसी चालू, गाडीला वारा नाही. तिथे पंखा लावायला विसरलात तर काटा वर जातो, आणि काट्याकडे लक्ष जाईपर्यंत हेड गॅस्केट गेलेले असते. कॉम्प्युटर हे काम तापमान, एसीचा दाब, गाडीचा वेग सगळे बघून करतो. ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व काढून टाकणे हाही असाच उपाय. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जाते, आणि मूळ दोष तसाच.

तुमच्यासारखीच तक्रार पण वेगळे लक्षण असलेल्यांसाठीही थोडे लिहितो, कारण 'उभ्या गाडीत पंखा चालू' या एका वाक्याखाली तुमचा धरून चार वेगळे प्रकार येतात.

गाडी बंद केल्याबरोबर पंखा दोन, पाच, क्वचित दहा मिनिटे चालून थांबतो, हा बऱ्याच गाड्यांत दोष नाही. इंजिन बंद झाले की पाण्याचा पंपही थांबतो. हेड आणि एक्झॉस्टची उष्णता मात्र तिथेच असते आणि ती आजूबाजूच्या साचलेल्या कूलंटमध्ये उतरते. त्यामुळे बंद केल्यानंतर पहिली काही मिनिटे तापमान उलट वाढते. कंपनीने मुद्दाम पंखा थोडा वेळ चालू ठेवलेला असतो. टर्बो गाड्यांत आणि बीएस सहा डिझेलमध्ये हे जास्त दिसते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस सहा लागू झाले. त्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि तो साचलेली काजळी अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून जाळतो. नेमके त्याच वेळी तुम्ही दारात गाडी बंद केली तर पंखा जोरात चालत राहतो, जळका वास येतो, माणूस घाबरतो. तो पंखा आपला आपण थांबेल, फ्यूज काढू नका. हे रोजच होऊ लागले तर समजा की तुमचे अंतर इतके छोटे आहे की फिल्टरला स्वच्छ व्हायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोठ्या रस्त्यावर न्या.

इंजिन चालू ठेवून गाडी उभी आहे आणि पंखा थांबत नाही, यात नव्वद टक्के वेळा एसी असतो. एसी चालू असला की पंखा चालणारच. काचेवरची वाफ घालवायचे बटण किंवा पुढच्या काचेवर हवा घ्यायची खूण निवडली की बऱ्याच गाड्या एसी स्वतः लावतात, बटणावरचा दिवा न लागताही. पावसाळ्यात ही तक्रार म्हणूनच वाढते. एसी पूर्ण बंद करूनही पंखा पूर्ण वेगात असेल तर मात्र स्कॅनर लावा. पी ०११७ आणि पी ०११८ हे कूलंट सेन्सरच्या सर्किटचे कोड, पी ०४८० आणि पी ०४८१ पंख्याच्या सर्किटचे, पी ०५३० एसीच्या दाबाच्या सेन्सरचा. कोड म्हणजे निकाल नव्हे, कुठल्या वायरकडे आधी पाहायचे एवढेच तो सांगतो. कूलंटची पातळीही पाहा. सेन्सर पाण्याऐवजी वाफेत उभा असेल तर तो काहीही सांगतो, आणि काटा नॉर्मल दाखवत असताना इंजिन करपते.

चौथा प्रकार खऱ्या चिकटलेल्या रिलेचा. गाडी बंद केली, पंखा थांबलाच नाही, बॅटरी उतरेपर्यंत चालला. इथे रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केले की बरेचदा पंखा थांबतो, आणि निदान पक्के होते. हा प्रकार मला एका गिऱ्हाइकाने शिकवला. अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट, पाटणचे एक डॉक्टर. रात्री-अपरात्री पेशंटकडे जायची गाडी. मी रिले बदलला, पंखा थांबला, गाडी दिली. तेराव्या दिवशी गाडी परत, तीच तक्रार, आणि त्या रात्री त्यांना दुसऱ्याची मोटरसायकल मागून जावे लागले होते. मला ते फार लागले. तेव्हा पहिल्यांदा पंख्याच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून पाहिले. जिथे तेरा-चौदा अँपियर हवे तिथे चोवीस येत होते. मोटरचे बुश कोरडे पडून शाफ्ट जड झाला होता, कार्बन ब्रश झिजले होते. फ्यूज तीस अँपियरचा, म्हणून तो उडत नव्हता. पण मोटर उठताना पहिल्या क्षणी चालू करंटाच्या कित्येक पट खेचते, आणि जड मोटर तो क्षण लांबवते. तो मार पॉइंटवर बसत होता. रिले तिथे बळी होता. तेव्हापासून रिले चिकटलेला सापडला की मोटरचा करंट मोजल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, साध्या मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या खाचेतून पंख्याचा करंट मोजू नका, मीटरचा फ्यूज जातो. क्लॅम्प मीटर नसेल तर इंजिन थंड असताना, बॅटरी सोडून, पंख्याचे पाते बोटाने फिरवा. चांगला पंखा सोडल्यावरही थोडा फिरतो. जागीच थांबला, किंवा शाफ्ट बाजूला हलला, तर मोटर बघायला हवी.

तुमच्याकडे परत येतो. दुरुस्ती होईपर्यंत रात्री काय करायचे? गाडी लावून पंधरा मिनिटे झाली, पंखा शांत आहे हे पाहिले, की रिले काढून डॅशबोर्डवर ठेवा आणि स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा: 'रिले लाव'. रिले न लावता गाडी चालवली तर पंखाच नाही, आणि चिपळूणच्या बाजारातल्या गर्दीत दहा मिनिटांत काटा वर जाईल. रोज बॅटरी सोडण्यापेक्षा हे बरे, कारण बॅटरी सोडली की कॉम्प्युटरची शिकलेली मापे पुसली जातात आणि स्कॅनरने पाहायचे कोडही जातात. दोनदा खोल उतरलेली बॅटरी एकदा बाहेर काढून रात्रभर हळू चार्ज करून घ्या. चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली तर ठीक. १२.२ वर घसरली तर तिचे आयुष्य कमी झाले आहे.

काम झाल्यावर दोन गोष्टी मागून घ्या. चावी काढून, दारे लॉक करून, अर्धा तास थांबून बॅटरीतून झिरपणारा करंट मोजायला सांगा. सगळी मॉड्यूल झोपल्यावर तो ५० मिलिअँपियरच्या आत असावा. आणि फ्यूजबॉक्सचे झाकण बंद करून बॉनेटच्या फटीवरून, काचेखालच्या जाळीवरून नळाचे पाणी साधेच सोडून पंधरा मिनिटे पाहायला सांगा. प्रेशरचा फवारा नको, तो चांगल्या सीलमधूनही आत जातो. पाणी नेमके कुठून फ्यूजबॉक्सवर उतरते हे त्या वेळी डोळ्यांनी दिसते. बरेचदा काचेखालची पाणी जायची वाट पानांनी तुंबलेली असते, किंवा झाकणाची एक क्लिप तुटलेली असते.

आणि गाडी दाखवायला नेताना धुऊन, पुसून, उन्हात वाळवून नेऊ नका. सगळे तसेच करतात, आणि वर्कशॉपमध्ये गाडी तीन दिवस शहाण्यासारखी उभी राहते. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी, इंजिन सुरू करून तापवायच्या आधी, जागेवरच इलेक्ट्रिशियनला बोलवा. माझ्याकडे आणायची तर घाट भिजत चढून या आणि रात्रभर गाडी माझ्या दारात उघड्यावर राहू द्या.